बोट नेमकी किती पळते?

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या खोक्यांवर हल्ली ३०, ३५, ४० असे आकडे सर्रास छापलेले असतात, तेव्हा ३६ हा काही अचाट वेग नव्हे. आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं एखादं शेततळं डोळ्यांसमोर आणा. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सगळ्यात मोठं माप होतं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. काठ उतरते असतात, त्यामुळे पाणी जरा खाली गेलं की हे अंतर आणखी आखडतं. सेकंदाला १० मीटर पळणारी बोट या काठावरून त्या काठावर ३ सेकंदांत जाऊन आदळेल. वेग घ्यायला १० मीटर सोडा, थांबायला १० मीटर सोडा. मोजायला उरले मधले १० मीटर, म्हणजे एक सेकंद. डोळ्यांनी पाहून स्टॉपवॉचची कळ दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तेवढा वेळ इकडचा तिकडे झाला की तीच बोट एकदा ताशी ३० ने पळाली असं दिसतं आणि एकदा ताशी ४५ ने.

मला या गोष्टीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की वेग हा आकडा आपण सगळे रोज उच्चारतो आणि तो कसा मिळाला हे क्वचितच विचारतो. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून जातो. त्यावरच्या १२० च्या मर्यादेबद्दल बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी एक तरी वेग स्वतः मोजून पाहिला असेल? रिमोटची बोट ही संधी देते. कुणाचा जीव धोक्यात न घालता, टेप आणि घड्याळ घेऊन, एखाद्या तलावाच्या काठावर.

आणि पाण्यावरचा वेग मोजायची शिस्त मोठी कडक आहे. ऑस्ट्रेलियात ब्लोअरिंग नावाचं धरण आहे. तिथल्या जलाशयात ८ ऑक्टोबर १९७८ रोजी केन वॉर्बी या माणसाने जेट इंजिनाची बोट ताशी ५११ किलोमीटरने पळवली. बोट त्याने स्वतः, सिडनीतल्या आपल्या घराच्या परसात बांधली होती. हा विक्रम पुढे दशकानुदशकं कुणाला मोडता आला नाही. पण ५११ हा त्या बोटीने एका क्षणी गाठलेला सर्वाधिक वेग नाही. नियम असा आहे की मोजलेल्या अंतरावरून बोटीने एकदा जायचं, तासाभराच्या आत उलट दिशेने परत यायचं, आणि दोन्ही वेगांची सरासरी तेवढी विक्रम म्हणून लिहायची. जाताना वारा पाठीशी असेल, तर येताना तो समोरून असेल. निसर्गाने दिलेली उसनवारी निसर्गालाच फेडावी लागते. मला हा नियम फार न्यायाचा वाटतो.

या परतीच्या फेरीची किंमतही जबर आहे. इंग्लंडच्या कोनिस्टन सरोवरात ४ जानेवारी १९६७ ला डोनाल्ड कॅम्पबेल ‘ब्लूबर्ड’ घेऊन उतरला. पहिली फेरी ताशी २९७ मैलांच्या पुढे गेली. परतीच्या फेरीत बोट पाण्यावरून उचलली गेली, उलटली आणि तो त्यातच गेला. पहिल्या फेरीच्या लाटा निवायच्या आत तो परत वळला, असं त्या घटनेबद्दल नेहमी सांगितलं जातं. अर्ध्या मीटरच्या बोटीलाही ही गोष्ट लागू आहे. शेततळ्याच्या प्लास्टिकवर आपटून परतलेली स्वतःचीच लाट तिला आडवी येते, ती उडी मारते, पंखा क्षणभर हवेत फिरतो आणि तो सगळा वेळ मोजणीत जमा होतो. पाणी निवेपर्यंत थांबायचं, हा पहिला नियम.

मॉडेल बोटींच्या जगानेही तीच शिस्त उचलली. अमेरिकेतल्या सरळ धावेच्या विक्रमांसाठी अंतर ठरलेलं आहे ३३० फूट, म्हणजे मैलाचा सोळावा भाग, आपल्या मापात जेमतेम १०० मीटर. दोन्ही दिशांनी पळायचं आणि सरासरी काढायची. युरोपात १९५९ साली स्थापन झालेली ‘नाविगा’ ही संघटना मॉडेल जहाजांच्या स्पर्धा घेते. तिच्याकडे याहूनही जुना एक प्रकार आहे: तळ्याच्या मधोमध खांब, खांबाला तार, तारेला बोट. बोट खांबाभोवती गोल फिरते. एक फेरा १०० मीटरचा, म्हणजे तार १६ मीटरला जराशी कमी. पाच फेरे झाले की ५०० मीटर. अंतर तारेनेच बांधून टाकलेलं असल्यामुळे त्यात चूक व्हायला जागा राहत नाही, आणि अंतर लांब असल्याने घड्याळाची चूकही नगण्य होते. या बोटी ताशी २०० च्या वर पळतात. एक किलोची बोट त्या वेगाने फिरत असेल तर तार सुमारे २० किलो वजनाइतक्या जोराने ताणली जाते. घरी करून बघायचा हा प्रकार नव्हे. शिवाय अस्तराच्या शेततळ्यात खांब रोवणार कुठे? प्लास्टिकला एक भोक पडलं की शेतकऱ्याचं वर्षाचं पाणी गेलं.

त्यामुळे आम्ही गावतलाव निवडला. चिखली तालुक्यातला, फार मोठा नाही, पण एका बाजूचा बांध सरळ आणि समोर सलग पाणी. नवरात्र उलटून गेलेलं, तलाव भरलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच आपल्याकडे बोटींचा खरा हंगाम. मे महिन्यात याच जागी बेशरमाची झुडपं आणि भेगाळलेला गाळ असतो. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने आणि त्याच्या दोस्तांनी वर्गणी काढून बोट मागवली होती: ४५ सेंटिमीटर लांब, पोटात पाणी शिरू नये म्हणून दुहेरी झाकण, मागे दोन पात्यांचा पंखा. खोक्यावर ताशी ३५ लिहिलेलं.

सकाळी साडेसहाला वारा पडलेला असतो, म्हणून वेळ ती. बांधावर ५० मीटरचा टेप ताणला. आता बोट पाण्यात असणार आणि आपण काठावर, तेव्हा ती नेमकी कुठल्या क्षणी रेघ ओलांडते हे कसं ठरवायचं? एकच बांबू रोवला तर बघणारा जरा डावी-उजवीकडे सरकला की रेघही सरकते. त्यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे प्रत्येक टोकाला दोन बांबू, एक काठालगत आणि दुसरा त्याच्या मागे चार पावलांवर, बांधाशी काटकोनात. बघणाऱ्याने आणखी मागे उभं राहून एक डोळा मिटायचा आणि पुढचा बांबू मागच्या बांबूआड लपेल असं डोकं धरायचं. मग तलावावर एक अदृश्य सरळ रेघ आखली जाते आणि बोटीचं नाक त्या रेघेला शिवतं तो क्षण स्वच्छ कळतो. आपले सर्व्हेवाले पूर्वापार असेच गज रोवून रेघा धरत आले. बोट जरा तिरकी गेली तर काय, ही शंका एकाने काढली, आणि ती रास्तच होती. १० अंश तिरकी गेली तर ती दीड टक्का जास्त अंतर कापते, म्हणजे आपला आकडा तेवढा कमी येतो. तिरकेपणाने वेग कधी फुगत नाही, घटतोच.

पहिल्या टोकाला पोरगा ओरडणार आणि दुसऱ्या टोकाचा घड्याळ सुरू करणार, असं आधी ठरलं होतं. ते मोडलं. आवाजाला ५० मीटर यायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. शाळेच्या मैदानावर शिट्टीऐवजी रुमाल खाली पाडून शर्यत सुटायची ती याच कारणासाठी. इथेही रुमालच वापरला.

पहिली धाव, वारा पाठीला: ६.१ सेकंद. ताशी साडेएकोणतीस. परतीची धाव: ७.३ सेकंद. ताशी पावणेपंचवीसला किंचित कमी. पडलेला वाटणारा वारासुद्धा किती काम करत होता हे त्या दोन आकड्यांनी दाखवलं. सरासरी ताशी २७.

“काका, खोक्यावर पस्तीस लिहेल हाये. मंग हे सत्तावीसच काहून भरून राह्यलं?”

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र तीन-चार पदरी. पण त्याआधी सरासरीबद्दल एक सांगायला हवं, कारण तिथे हुशार मुलंही अडखळतात. समजा १०० मीटर जायला १० सेकंद लागले आणि यायला साडेबारा. वेग झाले ताशी ३६ आणि २८.८, दोहोंची सरासरी ३२.४. पण एकूण २०० मीटरला एकूण साडेबावीस सेकंद असा भागाकार केला तर येतात बरोबर ३२. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर. मग घ्यायचं कुठलं? वाऱ्याने जाताना जेवढा वेग वाढवला तेवढाच येताना कमी केला असं मानलं, तर वेगांची सरासरी घेतल्यावर वारा पुरता वजा होतो. एकूण वेळेने भागलं तर होत नाही, कारण बोट वाऱ्याविरुद्ध जास्त वेळ झगडलेली असते आणि त्या वेळेचं पारडं जड होतं. म्हणून सरासरी वेगांची, वेळांची नव्हे.

आता खोक्यावरचे ३५. असा आकडा कागदावर कसा येतो ते बघा. मोटरला एक अंक दिलेला असतो, केव्ही. २००० केव्हीची मोटर म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे, तेही पंख्याचा भार नसताना. तीन सेलची लायपो बॅटरी ११.१ व्होल्टची. गुणाकार २२,२०० फेरे. पंख्याचा व्यास ४० मिलिमीटर असेल आणि एका फेऱ्यात तो तत्त्वतः ५६ मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर मिनिटाला १,२४३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ७५ किलोमीटर. ही बोट खरी उतरवली तर याच्या बऱ्याच खाली राहते. भार आला की फेरे घटतात. पाणी म्हणजे काही लाकूड नव्हे, पंखा त्यात स्क्रूसारखा रुतून पुढे जात नाही, घसरतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट देतो, पाच मिनिटांनी तो ३.७ वर आलेला असतो, आणि व्होल्ट उतरले तसे फेरे उतरतात. पहिल्या धावेची बोट आणि सहाव्या धावेची बोट वेगाच्या दृष्टीने एकच बोट नसते. म्हणून प्रत्येक धावेसमोर व्होल्ट लिहून ठेवावेत. पंख्यात गुंतलेला शेवाळाचा एक धागाही आकडा खाली आणतो. आमच्या मोजणीत तो निघाला आणि तो काढल्यावर पुढची जोडी थोडी सुधारली. पण ३५ नाहीच.

मोबाइल असताना बांबू कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याचा मार्ग आहे. एका काठीसमोरून बोट जाताना चित्रीकरण करायचं. बोटीचं नाक काठीला शिवल्यापासून शेपूट काठी ओलांडेपर्यंत किती चित्रं गेली ती मोजायची. बोटीची लांबी आपल्याला ठाऊकच असते, तेव्हा बोट हीच मोजपट्टी. ८० सेंटिमीटरची बोट आणि सेकंदाला ६० चित्रं घेणारा कॅमेरा असेल, तर पाच चित्रांचा अर्थ ताशी ३४.६. पण एक चित्र कमी धरलं तर ४३.२, एक जास्त धरलं तर २८.८. डोळ्यांनी घड्याळ दाबण्याइतकीच ही चूक मोठी. कॅमेरा सेकंदाला २४० चित्रांवर न्या, तेव्हा तीच बोट २० चित्रांत जाते आणि एका चित्राच्या चुकीने उत्तर ३३ ते साडेछत्तीसच्या आत राहतं. हल्लीच्या अनेक फोनमध्ये ही सोय असते आणि बहुतेकांनी ती फक्त लग्नातल्या नाचासाठी वापरलेली असते.

जीपीएसवर लोकांचा फार विश्वास. तो ठेवावा, पण आलेख बघून. फोन साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा टिपतो. सेकंदाला १० मीटर पळणारी बोट शेततळ्यात त्याला दोन-तीनच नोंदी देईल. शिवाय २०० ग्रॅमचा फोन अर्ध्या किलोच्या बोटीत ठेवला की आपण वेगळ्याच बोटीचा वेग मोजतो. यासाठी सेकंदाला दहा नोंदी घेणारी आगपेटीएवढी यंत्रं मिळतात आणि ती चांगलं काम करतात, कारण उपग्रहाच्या लहरींची वारंवारता किती सरकली यावरून ती वेग काढतात, दोन जागांमधलं अंतर भागून नव्हे. फक्त बोट उलटली किंवा उसळली, की उपग्रहांशी संपर्क तुटतो आणि यंत्र एखादा खुळा आकडा लिहून बसतं. सर्वाधिक वेग म्हणून पडद्यावर तोच झळकतो. आलेखात सलग दोन-तीन सेकंद टिकलेला वेग तेवढा खरा, एकटं उभं टोक खोटं.

पोलिसांकडे असते तशी रडार गन कुणी आणलीच, तर तिची मेख कोनात आहे. बोट सरळ आपल्याकडे येत असेल तरच ती पूर्ण वेग दाखवते. २० अंश तिरक्या बोटीचा ती ९४ टक्के दाखवेल, ३० अंशांवर ८७ टक्के. आणि काठावर उभं राहून बोट सरळ अंगावर घेणं शहाणपणाचं नाही.

मला स्वतःला सगळ्यात भावलेली रीत कानाची आहे. गाडी हॉर्न वाजवत जवळून गेली की तिचा सूर उतरतो, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो. ब्रशलेस मोटरलाही असाच एक टोकदार, स्थिर सूर असतो. बोट जवळ येताना तो चढा लागतो, पुढे गेल्यावर उतरतो. या दोन सुरांच्या गुणोत्तरात वेग दडलेला असतो. हवा २५ अंशांची असेल तर आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. बोट सेकंदाला १० मीटर जात असेल, तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरांचं गुणोत्तर ३५६ भागिले ३३६, म्हणजे १.०५९५. आणि हार्मोनियमवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीचं, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, गुणोत्तर आहे १.०५९५. बरोबर तेच! ताशी ३६ ने पळणारी बोट समोरून गेली की तिचा सूर कोमल रे वरून सा वर उतरतो. ताशी ७२ ची बोट असेल तर दोन पट्ट्या, म्हणजे शुद्ध रे वरून सा. हा योगायोग कळल्यावर मी कागदावर हे गणित पुन्हा करून बघितलं. ते खरं आहे.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव भजनी मंडळ आहे आणि मंडळात पेटी वाजवणारा माणूस आहे. त्याच्या कानाला अर्धी पट्टी कमी-जास्त लगेच कळते. फोनवर आवाज मुद्रित करायचा, येतानाचा आणि जातानाचा तुकडा वेगळा ऐकायचा आणि पेटीवर सूर शोधायचा. पट्टी पूर्ण उतरली नाही, तर बोट ३६ च्या आत आहे हे कुठलंही घड्याळ न लावता ठरलं. नेमका आकडा हवा असेल तर सूर मोजणारी मोफत ॲप आहेत. दोन वारंवारतांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले ३४६, झाला वेग मीटरमध्ये. समजा येताना १०३० आणि जाताना ९७०. वजाबाकी ६०, बेरीज २०००, वेग सेकंदाला १०.४ मीटर. या रीतीला टेप लागत नाही, ५० मीटरचं सलग पाणी लागत नाही, सेकंदाचा पाचवा हिस्साही आड येत नाही. शेततळ्यासाठी हीच रीत. रिमोटचा चाप मात्र दोन्ही वेळी सारखाच दाबलेला हवा, नाहीतर मोटरच सूर बदलते.

आमच्या ४५ सेंटिमीटरच्या बोटीचा सूर पाऊण पट्टीच्या आसपास उतरला. ताशी २७ ला तेवढाच उतरायला हवा.

यापुढचा प्रश्न हमखास येतो: ही बोट खऱ्या बोटीएवढी असती तर किती पळाली असती? बोट विसाव्या हिश्शाची आहे, मग ३६ गुणिले २०, ताशी ७२० किलोमीटर, असं अनेक जण छातीठोक सांगतात. हे चूक आहे, आणि ते चूक आहे हे कळायला इंग्रजी नौदलाला एका माणसाचं आयुष्य लागलं. विल्यम फ्रूड याने लहान-मोठ्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि दाखवून दिलं की जहाजाची बरीच शक्ती लाटा उठवण्यात जाते. लाटांचं रूप दोन्हीकडे सारखं दिसायचं तर वेग लांबीच्या पटीत नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या पटीत बदलावा लागतो. १८७२ साली त्याने टॉर्की इथे प्रतिकृती ओढण्याचा हौद सुरू केला, मेणाच्या जहाजांसाठी. २० चं वर्गमूळ साडेचारच्या जरा खाली, म्हणून आपली ३६ ची बोट मोठेपणी ताशी १६० च्या घरात. उलटंही करून बघण्यासारखं आहे. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आणि २८ नॉट वेगाची. तिची दोनशेव्या हिश्शाची प्रतिकृती भरते १ मीटर ३१ सेंटिमीटर. तिने विक्रांतच्या पूर्ण वेगाने चालायचं तर सेकंदाला फक्त १ मीटर, आपण सावकाश चालतो तेवढं. त्या चालीत तिच्या नाकापाशी उठणारी लाट खऱ्या जहाजासारखी दिसते. सुसाट सोडलेली विक्रांत बघताना डोळ्यांना काहीतरी खटकतं ते यामुळेच.

हे ज्ञान आपल्यापासून लांब नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनची परंपरा असलेलं. तिथे दोनशे मीटरहून लांब हौद आहे आणि त्यावरून धावणारी ट्रॉली. नद्यांचा प्रवाह मोजणारी करंट मीटर या ट्रॉलीला लावून स्थिर पाण्यातून ठरावीक वेगाने ओढतात आणि मीटर खरं बोलतं का ते तपासतात. म्हणजे मोजणाऱ्या यंत्राचीच मोजणी. विशाखापट्टणमला नौदलाच्या संशोधनासाठी ५०० मीटर लांबीचा हौद आहे. आणि एनसीसीच्या नौदल विभागाच्या अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृती बनवण्याची स्पर्धा असते. आमच्या भागात एनसीसी म्हटलं की खाकी गणवेश आणि पायदळाची कवायतच डोळ्यांपुढे येते. समुद्रापासून इतक्या लांबच्या मुलांना नौदलाच्या शाखेची ही बाजू कुणी सांगितलेली नसते. ती सांगायला हवी.

रिमोट बोट ही कल्पनाही आजकालची नाही. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पाण्याच्या हौदात, तारेविना चालणारी बोट लोकांपुढे चालवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचं पेटंट मिळालं. आज आपल्या हातातल्या रिमोटला जो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, त्याला ठरलेल्या ताकदीच्या आत परवाना लागत नाही. पाणी या लहरी शोषतं, तेव्हा बोटीतली अँटेनाची तार वर काढलेली असावी. ती पोटात पाण्याखाली दडली तर बोट भर तलावात बहिरी होते.

मग १०० मीटरची खरी धाव जिल्ह्यात कुठे घ्यावी? लोणारकडे बघून मोह होतो. पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, चहूबाजूंनी उंच कडा, वारा अडलेला, पाणी निवांत. पण ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ आहे, आणि तिथल्या खारट पाण्यातल्या जिवांना आपल्या पंख्यांची आणि तेला-ग्रीसची गरज नाही. लोणारला बोट न्यायचीच नाही. सिंदखेडराजाचा मोती तलाव हा जाधवांच्या काळाचा वारसा, तिथेही नको. येळगावचं पाणी बुलढाणा शहर पितं, त्यामुळे विचारल्याशिवाय काठाला जाऊ नये. खडकपूर्णेचा जलाशय, ज्याला संत चोखामेळा सागर म्हणतात, तो ऐसपैस आहे. पाटबंधारे खात्याकडे रीतसर अर्ज करून एक सकाळ मागता येईल. अलीकडच्या वर्षांत गाळ काढलेले कितीतरी गावतलाव आहेत, ग्रामपंचायतीचा होकार तिथे पुरतो.

आणि बोट मध्येच बंद पडली तर? तिच्यामागे कुणीही पाण्यात उतरायचं नाही. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं असतं, उतारावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. आपल्या भागात दरवर्षी पोरं अशी जातात, आणि तीही बऱ्याचदा चप्पल, चेंडू, बादली असल्या वस्तूंपायी. काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवायची. वारा बोटीला कधी ना कधी काठाला आणतोच. नाहीच आणलं, तर मासे धरायच्या गळाला रिकामी बाटली बांधून फेकायची आणि तार बोटीत अडकवून ओढायची. बोटीची किंमत चार-पाच हजार. ती बुडाली तर बुडू द्यावी.

पुतण्याच्या मंडळींनी आता वही घातली आहे. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, व्होल्ट, जातानाचे सेकंद, येतानाचे सेकंद, सुराचा उतार. खोक्यावरच्या ३५ शेजारी त्यांनी आपला २७ पेनाने लिहिला आहे आणि चुकीची मर्यादाही: एक कमी, एक जास्त. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ते बोट मांडणार आहेत. टेबलावर तिच्याशेजारी ती वही उघडी ठेवा, असं मी त्यांना सांगितलंय, आणि परीक्षकांनी बोटीच्या आधी वही हातात घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे.